बालवयातील स्पीड स्केटिंग : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर गेली अनेक वर्षे मी मुलांना रोलर स्पीड स्केटिंग शिकवत आहे. सकाळी सहाच्या बॅचला मूल सोडायला आलेले पालक कठड्याबाहेर उभे राहून जे प्रश्न विचारतात, तेच येथे एकत्र केले आहेत. माझा एक आग्रह सर्व उत्तरांतून दिसेल. वेग हा या खेळात सर्वांत शेवटी येणारा गुण आहे. त्याच्या आधी ज्या गोष्टी यायला हव्यात त्यांत घाई केली, तर बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत मूल दुखापतीने बसते किंवा त्याचे स्केट्स माळ्यावर जातात.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

सहावे-सातवे वर्ष सोयीचे असते, कारण तोपर्यंत मूल सूचना ऐकून ती अंगात उतरवू शकते आणि त्याचा तोलही बऱ्यापैकी स्थिरावलेला असतो. चार वर्षांचे मूल आणले तरी मी नाही म्हणत नाही, परंतु त्याच्यासाठी तो तास केवळ खेळण्याचा असतो. त्याला वेळ लावून पळवू नये. नवव्या-दहाव्या वर्षी आलेल्या मुलाला उशीर झाला असे समजण्याचे कारण नाही. पळापळी, लंगडी, सायकल यांत रमलेले दहा वर्षांचे मूल कित्येकदा दोन वर्षे आधी आलेल्या मुलाला सहा महिन्यांत गाठते.

क्वाड घ्यावेत की इनलाइन?

चार चाके दोन जोड्यांत असलेल्या क्वाडवर तोल लवकर सापडतो, तर एका रांगेत चाके असलेल्या इनलाइनवर घोट्याला अधिक काम करावे लागते. आपल्याकडे दोन्ही प्रकारांच्या स्वतंत्र स्पर्धा होतात. आपल्या प्रशिक्षकाला जो प्रकार मनापासून शिकवता येतो, तो पहिली दोन वर्षे घ्यावा.

तंत्रामध्ये सर्वांत आधी काय पक्के व्हायला हवे?

बैठक. मैदानावर दिवसभरात मी सर्वाधिक वेळा उच्चारत असलेला शब्द ‘खाली बस’ हाच असेल. बैठक म्हणजे घोटा आणि गुडघा पुढे वाकलेले, कंबर खाली, पाठ किंचित गोलसर आणि नजर पुढे. बाजूने पाहिले असता नाक, गुडघा आणि पायाची बोटे साधारण एका उभ्या रेषेत यावीत. स्केटवर पुढे जाण्यासाठी मागे नव्हे तर बाजूला रेटावे लागते. गुडघा जितका खोल वाकलेला, तितका पाय बाजूला लांबवर सरळ होऊ शकतो आणि प्रत्येक पुश तितका लांब होतो. शिवाय खाली बसलेल्या शरीराला वाराही कमी अडतो.

ही बैठक मुलांना नकोशी वाटते, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. खाली बसलेल्या अवस्थेत मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात, त्यांच्यातील रक्तप्रवाह अडतो आणि मांड्या भरून येतात. म्हणून मूल नकळत उभे होत जाते. यावर ओरडणे हा उपाय नव्हे. पंधरा-वीस सेकंदांची नीट बैठक, मग मोकळे फिरणे, पुन्हा बैठक, असे लहान तुकडे करून आठवड्यागणिक वेळ वाढवत नेला, तर आठ वर्षांचे मूलही वर्षभरात मैदानाच्या दोन-तीन फेऱ्या न उठता मारू लागते.

बैठक जमली की नाही, हे मी कित्येकदा मुलांकडे पाठ करून, केवळ कानांनी तपासतो. उभे राहून पळणाऱ्या मुलाच्या चाकांचा आवाज टक-टक-टक असा तुटक येतो. बसलेल्या मुलाच्या चाकांचा एकेक लांब सर्रकन आवाज येतो आणि दोन आवाजांच्या मध्ये क्षणभर शांतता असते. त्या शांततेत मूल एका पायावर तोल सांभाळून घसरत असते, आणि खरे स्केटिंग तेथेच घडते. एक नऊ वर्षांची मुलगी हात जोराने झटकत, घाईघाईने लहान लहान पुश मारत असे. दोन महिने तिला हात पाठीमागे बांधून चालवले आणि मैदानाच्या लांब बाजूला किती पुश लागतात ते तिचे तिलाच मोजायला सांगितले. सुरुवातीला चौदा लागत. ज्या दिवशी नऊ पुशांत ती पलीकडच्या भिंतीपाशी पोहोचली, त्या दिवशी तिला घड्याळ दाखवण्याची गरजच पडली नाही.

सरळ रेषेत मूल वेगवान आहे, पण वळणावर मागे पडते. असे का होते?

स्पर्धा घड्याळाच्या उलट दिशेने होतात, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडे असते आणि तेथे उजवा पाय डाव्या पायावरून पलीकडे टाकावा लागतो. याला आपण क्रॉसओव्हर म्हणतो. पालकांना वर येणारा उजवा पाय दिसतो. वेग मात्र खालून, शरीराच्या आडून उजवीकडे रेटणाऱ्या डाव्या पायातूनही यावा लागतो. हा दुसरा पुश बहुतेक मुलांच्या बाबतीत अर्धवट राहतो, कारण त्यासाठी डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार द्यावा लागतो आणि तेथे पडण्याची भीती वाटते.

यासाठी जमिनीवर खडूने लहान वर्तुळ काढून त्याभोवती सावकाश क्रॉसओव्हर करणे, आणि प्रशिक्षकाने पट्ट्याने बाजूने ओढून धरलेले असताना स्केट्सऐवजी साध्या बुटांवरच तीच हालचाल करणे, हे दोन सराव मला सर्वाधिक उपयोगी वाटतात. त्याच वेळी घड्याळाच्या दिशेनेही काही फेऱ्या अवश्य माराव्यात. वर्षानुवर्षे एकाच दिशेला वळणाऱ्या शरीराच्या दोन्ही बाजूंवर सारखा भार येत नाही, आणि वाढत्या वयात हे असंतुलन कमी राखलेले बरे.

मुंबईत जागाच नाही. दोनशे मीटरच्या ट्रॅकशिवाय मूल पुढे जाऊ शकेल का?

मोठ्या स्पर्धांचा ट्रॅक दोनशे मीटरचा आणि वळणांवर उंचावलेला असतो, आणि राज्य पातळीच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला त्यावर सराव करावाच लागतो. परंतु पहिली चार-पाच वर्षे ज्या गोष्टी शिकायच्या असतात, त्या बास्केटबॉल कोर्टाएवढ्या जागेतही शिकता येतात. लहान जागेचा एक लाभच आहे. तेथे वळणे सतत येतात, त्यामुळे क्रॉसओव्हर चुकवता येत नाही. तोटा असा की सरळ पल्ला मिळत नाही आणि लांब पुशची सवय लागत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी मोकळा, गुळगुळीत, वाहनमुक्त रस्ता शोधावा. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवून नागरिकांना खुले केले होते. मोकळा डांबरी रस्ता मिळाल्यावर मुलांचे पाय कसे लांबतात, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. वाहती वाहने असलेल्या रस्त्यावर, मग ती पहाटेची वेळ का असेना, मुलांना कधीही उतरवू नये.

सोसायटीच्या आवारातील पेव्हर ब्लॉकवर सराव करू नये. प्रत्येक सांध्यावर चाक अडते, धक्का थेट गुडघ्यापर्यंत जातो आणि मूल त्या धक्क्यांना घाबरून पाय फाकवून चालायला शिकते.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत काय करावे?

ओल्या जमिनीवर स्केटिंग नको, हे आधी स्पष्ट करतो. चाके पकड सोडतात आणि बेअरिंग गंजतात. मात्र जून ते सप्टेंबर हा काळ वाया जातो असे मी मानत नाही. सभागृह किंवा जिन्याखालची कोरडी मोकळी जागा पुरते. बैठकीत चालणे, एका पायावरून दुसऱ्या पायावर बाजूला उडी मारून तोल धरणे, दोरीच्या उड्या, पोट आणि कंबरेचे व्यायाम, आणि स्लाइड बोर्ड, म्हणजे बाजूला घसरण्याच्या सरावाची गुळगुळीत फळी. स्लाइड बोर्ड नसेल तर घरातील गुळगुळीत फरशीवर जाड मोजे घालून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, या बाजूकडून त्या बाजूकडे घसरण्याचा सरावही पुशची दिशा शिकवतो. गणेशोत्सवानंतर मैदान वाळते, तेव्हा पावसाळा मन लावून केलेली मुले पहिल्याच आठवड्यात ओळखू येतात.

आठवड्यातून किती सराव असावा?

दहा वर्षांखालील मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी एक ते दीड तास, पुरेसे आहे. त्यापुढे हळूहळू वाढवत न्यावे. क्रीडावैद्यकातील एक सोपा दंडक असा आहे की आठवड्यातील संघटित सरावाचे एकूण तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक नसावेत, आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. मी हा दंडक पाळतो.

तासांइतकेच महत्त्व त्या तासांत काय होते याला आहे. दररोज दमेपर्यंत पळवणे म्हणजे कसून सराव, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. नेदरलँड्सच्या ऑलिंपिक बर्फ-स्केटरांच्या १९७२ ते २०१० या काळातील सरावाचा अभ्यास झालेला आहे. त्यात सरावाचे एकूण तास फारसे वाढलेले आढळले नाहीत. बदलली ती त्या तासांची वाटणी. हलक्या सरावाचा वाटा वाढला, जोडीला थोडा अतितीव्र सराव राहिला, आणि मधला, ना धड हलका ना धड तीव्र असा भाग कमी होत गेला. मुलांना प्रौढांचा कार्यक्रम लावू नये, पण ‘रोज मध्यम दमणे’ हा सर्वांत निष्फळ सराव आहे, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

झोपेचा हिशेबही येथेच करावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाच्या बॅचसाठी पाचला उठणारे मूल रात्री साडेअकराला झोपत असेल, तर त्याला संध्याकाळच्या बॅचमध्ये घालणे हाच उत्तम उपाय होय.

महागडे स्केट्स घेतल्याने वेग वाढेल का?

बूट पायाला बसणारे असावेत, बाकी सर्व नंतर. ‘दोन वर्षे चालतील’ म्हणून एक-दोन मापे मोठे बूट घेऊन त्यात दोन जोड मोजे भरले, तर पाय आतल्या आत हलतो, घोटा आत पडतो आणि पुशचा निम्मा जोर बुटातच विरतो. शिकत्या मुलासाठी बसणारे, स्वच्छ ठेवलेले जुने बूट नव्या सैल बुटांपेक्षा केव्हाही चांगले. क्लबमधील मोठ्या मुलांचे बूट लहानांकडे जाण्याची प्रथा म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

इनलाइनच्या चाकांचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात : ९०, १००, ११० आणि मोठ्यांसाठी १२५. चाक मोठे असले की गाठलेला वेग टिकतो, पण तो वेग गाठायला अधिक जोर लागतो आणि पायही जमिनीपासून उंच जातो. एका जिल्हास्तरीय स्पर्धेआधी अकरा वर्षांच्या एका मुलाला मी घाईने ११० च्या चाकांवर चढवले. सरळ रेषेत तो खरोखर वेगाने गेला. वळणावर मात्र त्याला तो वेग पेलेना, म्हणून तो क्रॉसओव्हर सोडून दोन्ही पायांवर नुसता घसरू लागला. पुढे ती सवय मोडायला आम्हा दोघांना पूर्ण एक वर्ष लागले. चूक माझी होती, आणि तेव्हापासून वळणावर लहान चाकांनिशी पाय टाकता आल्याशिवाय मी चाक वाढवू देत नाही.

चाकाच्या कडकपणाचा आकडा चाकावरच छापलेला असतो, उदाहरणार्थ ८५ए. आकडा कमी म्हणजे चाक मऊ, पकड अधिक आणि झीज लवकर. बाजूला रेटल्यामुळे चाकांची आतली कड आधी झिजते, म्हणून डाव्या-उजव्या पायांची चाके बाजू पालटून अदलाबदल करावीत. हे काम नऊ-दहा वर्षांच्या मुलाने पान्ह्याने स्वतः करावे. बेअरिंग पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडणेही त्यानेच शिकावे. आपल्या साधनांकडे लक्ष देणारे मूल आपल्या पायांकडेही लक्ष देऊ लागते, असा माझा अनुभव आहे.

तेराव्या वर्षी मुलाची वेळ सुधारण्याऐवजी बिघडली. सराव कमी पडतो आहे का?

बहुधा नाही. मुलींची उंची साधारणपणे अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलग्यांची तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वाधिक वेगाने वाढते. हाडे आधी लांबतात. स्नायूंची ताकद आणि हालचालींचा अंदाज मागून येतो. काल जमणारी बैठक आज जमत नाही आणि मूल स्वतःवरच चिडते. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करावी. खुणांमधील अंतर एकदम वाढलेले दिसले की वेळेची स्पर्धा बाजूला ठेवून काही महिने तंत्र आणि तोल यांवरच भर द्यावा.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखणारा उंचवटा दिसू शकतो. याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण होत आली की हा त्रास सहसा ओसरतो, परंतु तोपर्यंत उड्या आणि खोल बैठक कमी करावी लागते. दुखणे अंगावर काढायला लावू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

त्याच वयोगटातील दुसरी मुले फार पुढे आहेत. आमच्या मुलीत गुणवत्ता कमी आहे का?

आधी जन्मतारखा पाहाव्यात. एकाच वयोगटात जेमतेम बसणारे मूल आणि दीड-दोन वर्षांनी मोठे मूल एकाच रेषेवर उभे असते. नऊ-दहाव्या वर्षी हे अंतर प्रचंड ठरते. लवकर वाढलेली मुले ताकदीवर जिंकतात आणि तंत्राकडे दुर्लक्ष करतात. सोळाव्या वर्षी इतरांची उंची त्यांच्याबरोबर आली की चित्र पालटते. मुलीची तुलना तिच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या स्केटिंगशी करावी आणि ती करताना वेळेबरोबर तिचे पुश, बैठक आणि वळण हेही पाहावे.

दुसरे खेळ बंद करावेत का?

बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत अजिबात नाही. खो-खोतील झटकन वळणे, पोहण्यातील दम, सायकलने मांड्यांना मिळणारे काम, हे सर्व स्केटिंगमध्ये उतरते. वर्षातून दोन-तीन महिने स्केट्स पूर्ण बाजूला ठेवलेली मुले परततात तेव्हा भुकेलेली असतात.

आहाराबाबत काय काळजी घ्यावी?

घरचे जेवण पुरते. पहाटेच्या सरावाआधी एक केळे किंवा दोन-तीन खजूर, नंतर शेंगदाणे घातलेले पोहे, मुगाचे धिरडे किंवा उकडलेली अंडी. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी मात्र जात राहते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात मीठ-साखर घातलेले कोकम सरबत उत्तम. मुलांना पावडरी देऊ नयेत.

मूल पडण्याला घाबरते. काय करावे?

पडायला शिकवावे. पहिल्या आठवड्यात मी मुलांना गुडघ्यांवरील पॅडवर अलगद बसत पुढे पडायला आणि स्वतःच उठायला शिकवतो. पडताना हात टेकल्याने मनगट मोडण्याचा धोका असतो, म्हणून मनगटाचे गार्ड आवश्यक आहेत. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या थोडे वर बसावे. जोराचा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. पडलेल्या मुलाकडे पालकांनी मैदानात धावत जाऊ नये. ते आधी प्रशिक्षकाकडे पाहते, मग पालकांकडे, आणि दोघेही शांत दिसले तर बहुतेक वेळा उठून पुन्हा रांगेत जाते.

पालकांची भूमिका काय असावी?

वेळेवर आणणे, नेणे, आणि परतीच्या वाटेवर चुका न काढणे. लोकलमध्ये किंवा रिक्षात मूल नुकतेच दमून बसलेले असते, आणि तेव्हाच त्याला ‘वळणावर काय झालं तुला?’ असे विचारले जाते. ‘आज काय मजा आली?’ एवढा प्रश्न पुरे. कठड्याबाहेरून पालक एक सूचना देतात आणि आतून प्रशिक्षक दुसरी, तेव्हा मूल दोन्ही सोडून देते.

मूल स्वतःच्या सरावाचा विचार करू लागले, ही प्रगतीची सर्वांत भरवशाची खूण आहे. आमच्याकडे प्रत्येक मुलाची एक साधी वही असते. त्यात आज काय जमले, काय नाही आणि उद्या काय करून पाहणार, अशा तीन ओळी ते स्वतः लिहिते. मी ती वही तपासतो, पण शुद्धलेखन कधीच तपासत नाही.

स्पर्धांमध्ये केव्हा उतरवावे? डावपेच केव्हा शिकवावेत?

क्लबमधील लहान शर्यती पहिल्या वर्षापासून असाव्यात. बाहेरच्या स्पर्धा मुलाला वळण न घाबरता घेता येऊ लागल्यावर. लांब शर्यतीत दुसऱ्याच्या पाठीमागे राहून वारा वाचवणे, आणि एलिमिनेशनमध्ये ठरावीक फेऱ्यांना शेवटचा खेळाडू बाद होतो म्हणून योग्य क्षणी पुढे सरकणे, ही कौशल्ये गटात खेळूनच येतात. म्हणून एकट्याने घेतलेल्या खास शिकवणीपेक्षा सहा-आठ मुलांचा गट मला अधिक लाभदायक वाटतो. आपल्याहून थोड्या वेगवान मुलाच्या मागे चिकटून राहताना मूल जे शिकते, ते माझ्या सूचनांनी शिकत नाही.

या खेळात भारतीय मुलांना भवितव्य आहे का?

२०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धांत भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी ३,००० मीटर रिलेत कांस्यपदके मिळवली. तमिळनाडूच्या आनंदकुमार वेलकुमारने २०२१ मध्ये कोलंबियात कनिष्ठ जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, आणि २०२५ मध्ये चीनमधील बेदाईहे येथे वरिष्ठ जागतिक स्पर्धेत १,००० मीटर स्प्रिंट आणि ४२ किलोमीटर मॅरेथॉन, दोन्हींत सुवर्ण पटकावले. दीड मिनिटाच्या आतील शर्यत आणि मॅरेथॉन एकच खेळाडू जिंकतो, तेव्हा बालपणी मुलावर ‘हा स्प्रिंटर’ असा शिक्का मारणे किती निरर्थक आहे, हे लक्षात यावे.

रोलर स्पीड स्केटिंग अद्याप मुख्य ऑलिंपिकमध्ये नाही. २०१८ च्या ब्युनोस आयर्स युवा ऑलिंपिकमध्ये ते होते. मात्र चाकांवरून बर्फावर जाण्याची वाट मळलेली आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५०० मीटर जिंकणारी अमेरिकेची एरिन जॅक्सन आणि मास स्टार्ट, म्हणजे सर्वांनी एकदम सुरुवात करायची शर्यत, जिंकणारा बेल्जियमचा बार्ट स्विंग्ज हे दोघेही इनलाइनमधून आलेले आहेत.

दहावीच्या वर्षी स्केटिंग बंद करावे का?

पूर्ण बंद करू नये. आठवड्यातून दोन दिवस स्केट्सवर आणि एक दिवस जमिनीवरील व्यायाम, एवढे ठेवले तरी तंत्र टिकते. पूर्ण वर्ष बसलेल्या मुलाला मात्र बैठक पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते. राज्य किंवा त्यावरील पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात. त्यासाठीची प्रमाणपत्रे शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मुदतीत पोहोचतील असे पाहावे. पूर्वपरीक्षा सुरू झाली की मी मुलांना सकाळच्या बॅचमधून काढून संध्याकाळी साडेसहाला बोलावतो. पाऊण तास, घड्याळाशिवाय, हवे तसे फिरू देतो, आणि घामाघूम होऊन ती अभ्यासाला घरी जातात.